गो-टू नसलेल्या ट्रॅकरवर रोझेट तेजोमेघ फ्रेमच्या मध्यात कसा आणायचा?

आडवा_अक्ष (चिंचवड)

नमस्कार मंडळी. सामान आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून प्रश्नोत्तरं नकोत. कॅनन 1500डी, आतला फिल्टर कंपनीने दिला तसाच. लेन्स 55-250. ट्रॅकर स्टार अ‍ॅडव्हेंचरर 2आय, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरवणारं यंत्र; गो-टू, म्हणजे आपोआप लक्ष्यावर जाण्याची सोय, त्याला नाही. त्याच्यावर बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवून आवळायचं डोकं) आणि बॉलहेडवर कॅमेरा. क्रांतीचा (कॅमेरा उत्तर-दक्षिण वळवायचा) ब्रॅकेट आणि काउंटरवेट आहे, पण तो लावला की बार ट्रायपॉडच्या पायावर आपटतो, म्हणून बॉलहेडच वापरतो. हे सगळं अ‍ॅक्टिव्हावर जातं, ट्रायपॉड पायाशी आडवा आणि मागे मित्र. तेव्हा "मोठा माउंट घे" हा सल्ला कृपया नको. जागाही नाही आणि पैसेही नाहीत, अजून इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष बाकी आहे.

जागा वेल्ह्याच्या पुढे. ईशान्येला पुण्याचा उजेड चढतो, बाकी आकाश छान. ध्रुव डोंगराच्या सोंडेवर जेमतेम दिसतो. 18 अंशांवर असल्यामुळे पोलरस्कोपमध्ये (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाशी जुळवायच्या छोट्या दुर्बिणीत) बघायला सतरंजीवर लोळावं लागतं, पण अलाइनमेंट जमतं. 250 एमएमला 60 सेकंदांत मधले तारे गोल येतात.

अडचण त्यापुढची आहे. एम 42, म्हणजे मृगातला तेजोमेघ, सापडतो, तो लाइव्ह व्ह्यूमध्येच दिसतो. कृत्तिका तर शोधाव्याच लागत नाहीत. पण रोझेट डोळ्यांना दिसत नाही, लाइव्ह व्ह्यूलाही नाही. फोन कॅमेऱ्याला टेकवून अ‍ॅपमध्ये बघतो, अ‍ॅप म्हणतं अगदी बरोबर, आणि फ्रेममध्ये नुसते तारे. परवा एक बऱ्यापैकी ठळक तारा मध्यात आला, भोवती बारीक तारे होते, म्हटलं हाच तो रोझेटच्या मधला ताऱ्यांचा गुच्छ. तासाभराच्या फ्रेम घेतल्या. स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचल्यावर, मध्यात काही नाही. डाव्या काठाला एक लालसर डाग आहे, तो उजेडाचा असावा. शिवाय बॉलहेड आवळताना फ्रेम अंशभर तरी सरकते, ते वेगळंच.

तर नेम धरायचा कसा? आणि मॉडिफाय न केलेल्या (आतला फिल्टर न बदललेल्या) कॅमेऱ्यात रोझेट येतो तरी का, की मी उगीच मागे लागलोय?


लेन्सकॅप_काढा (नाशिक)

कुठलीही एक फ्रेम जेपेग करून अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढव. दोन-चार मिनिटांत फ्रेमचं केंद्र कुठे होतं ते कळेल. लॅपटॉपवर अ‍ॅस्टॅप टाकलंस तर नेट नसतानाही हे काम होतं, वेल्ह्याला रेंजची बोंबच असते. आधी हे कर, मग बाकीचं बोलू. आणि तो लालसर डाग पुसून टाकू नकोस.


आडवा_अक्ष

केलं. केंद्र विषुवांश 6 तास 24 मिनिटं, क्रांती +4.6. फ्रेम 5.1 बाय 3.4 अंश. मध्यातला तो ठळक तारा एप्सिलॉन मोनोसेरॉटिस, म्हणजे एकशृंगीतला चौथ्या प्रतीचा तारा. आणि डाव्या काठाला चित्रावर लिहून आलंय: एनजीसी 2244, रोझेटच्या मधला गुच्छ. म्हणजे तो डाग म्हणजेच रोझेट! थोडासा कापला गेलाय.


दुर्बीणवाला (सातारा)

अरे, मग तुझा एक प्रश्न सुटलाच की. तुझ्या कॅमेऱ्यात रोझेट येतो, आणि तोही काठावर, जिथे लेन्स सगळ्यात वाईट असते. आता मध्यात आणू.

फोनचं अ‍ॅप नेम धरायला वापरू नकोस. फोनचं होकायंत्र चार-पाच अंश सहज चुकतं, त्यात शेजारी कॅमेऱ्याचं आणि ट्रायपॉडचं धातू. तुझी फ्रेमच पाच अंशांची. अ‍ॅप बघून नक्षत्र कुठलं ते ओळखावं, त्याच्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये. मी दुर्बिणीने आकाश शिकलो तेव्हा फोन खिशात नव्हता, घरातही मोजक्याच लोकांकडे होता. पण हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाही. तुझ्याकडे ट्रॅकर आहे, म्हणून तुला एक गोष्ट फुकटात मिळते, ती सांगतो.

आकाशात जागा सांगायला दोन आकडे लागतात, विषुवांश आणि क्रांती. क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण किती. विषुवांश तास-मिनिटांत मोजतात, आणि ते उगीच नाही. ट्रॅकर बंद असला, कॅमेरा जागच्या जागी असला, तर आत्ता 6 तास 24 मिनिटं विषुवांशाचा तारा मध्यात असताना बरोबर 8 मिनिटांनी 6 तास 32 मिनिटांचा भाग मध्यात येतो. रोझेटच्या गुच्छाचा विषुवांश 6 तास 32 मिनिटं, क्रांती +4.9 च्या आसपास. तुझा तो एप्सिलॉन 6 तास 24 मिनिटं, +4.6. कळलं का? तू एका अर्थी अगदी बरोबर ताऱ्यावर होतास. ट्रॅकर बंद कर, एप्सिलॉन मध्यात आण, बॉलहेड आवळ, सरकला तर पुन्हा मध्यात आणून आवळ. हे सगळं सावकाश कर, घाई नाही. शेवटचा एकदा तो मध्यावर आला की घड्याळ बघ आणि हात मागे घे. आठ मिनिटांनी ट्रॅकर चालू कर. रोझेट मध्यापासून जेमतेम एक तृतीयांश अंशाने उत्तरेला असेल. एसटीच्या मागे धावायचं नाही, थांब्यावर उभं राहायचं.

यात दोन फायदे. बॉलहेड आवळल्यानंतर तू कॅमेऱ्याला हातच लावत नाहीस, त्यामुळे सरकण्याचा प्रश्न राहत नाही. आणि रिकाम्या आकाशावर नेम धरावा लागत नाही, दिसणाऱ्या ताऱ्यावर धरायचा असतो.

एप्सिलॉन डोळ्यांनी कसा ओळखायचा? मृगाचे चार खूर माहीत आहेत ना? ईशान्येचा लालसर खूर म्हणजे काक्षी. खाली पूर्वेकडे प्रश्वा. काक्षीकडून प्रश्वाकडे मनात रेघ ओढ. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची होते. काक्षीपासून मुठीपेक्षा थोडं अलीकडे, रेघेच्या जरा दक्षिणेला एकटाच एक मंद तारा दिसतो, तोच. वेल्ह्याहून दिसतो. चिंचवडच्या गच्चीवरून दिसणार नाही.

गच्चीवरून करायचंच असेल तर मृगाचा वायव्येचा खूर घे, बेलाट्रिक्स. विषुवांश 5 तास 25 मिनिटं, म्हणजे रोझेटच्या 67 मिनिटं आधी. क्रांती मात्र +6.35, रोझेटपेक्षा 1.4 अंश उत्तरेला. म्हणून तो मध्यात न ठेवता फ्रेमच्या उत्तर काठाजवळ ठेवायचा, तुझ्या 3.4 अंशांच्या उंचीत काठापासून थोडा आत. मग 67 मिनिटं थांब. तोवर डबा खा. गंमत म्हणजे पलीकडचा प्रश्वा रोझेटच्या बरोबर 67 मिनिटं मागे आहे आणि त्याची क्रांती +5.2, रोझेटच्या जवळजवळ तीच. ट्रॅकरचा क्लच सैल करून फक्त विषुवांशात पश्चिमेला 17 अंश फिरवलास तर प्रश्वावरून थेट रोझेटवर जाशील. पण त्यासाठी क्रांतीचा ब्रॅकेट हवा आणि क्लच फिरवताना बाकी काही हलता कामा नये. बॉलहेडवर ते नको.

ट्रॅकर चालू केल्यावर लगेच मोठी फ्रेम घेऊ नकोस. दात्यांमधली ढील भरून निघायला थोडा वेळ लागतो. कॅमेरा पूर्वेच्या बाजूला किंचित जड राहील असं बसव, म्हणजे दाते एकमेकांना टेकून चालतात. मिनिटभर जाऊ दे, मग आयएसओ 6400 वर 15 सेकंदांची एक चाचणी घे. तेजोमेघ शोधू नकोस, गुच्छ शोध. तीन-तीन ताऱ्यांच्या दोन समांतर ओळी, लांबट चौकोन. तो मध्यात दिसला की तेजोमेघ त्याच्याभोवती आहेच, 1.3 अंशांचा, पूर्ण चंद्राच्या दुपटीहून मोठा.


लेन्सकॅप_काढा

काकांचं हे मी वहीत उतरवून घेतलं. त्यात माझी भर फ्रेमच्या कोनाची.

रोझेट गोल, त्यामुळे 250 ला कॅमेरा कसाही फिरवला तरी चालतो. पण मला स्वतःला तो 250 ला एकटा टांगलेला आवडत नाही. त्याच्या उत्तरेला पाच-साडेपाच अंशांवर एनजीसी 2264 आहे, ख्रिसमस ट्री गुच्छ आणि कोन तेजोमेघ. झूम 135 वर आणलास तर तुझी फ्रेम साधारण 9.4 बाय 6.3 अंश होते. लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली की दोघेही मावतात, मधला मंद लालसर भागही येतो, आणि चित्राला काही बोलणं येतं. मग केंद्र रोझेटवर न ठेवता दोघांच्या मध्ये, विषुवांश 6 तास 36 मिनिटं, क्रांती +7.4 च्या आसपास. योगायोग बघ, काक्षीची क्रांती +7.4 आहे आणि विषुवांश 5 तास 55. काकांच्या पद्धतीने काक्षी मध्यात ठेव आणि 41 मिनिटं थांब, बस. गच्चीवरूनही दिसणारा तारा.

लांब बाजू उत्तर-दक्षिण आहे हे अंधारात कसं कळणार? ट्रॅकर बंद असतानाच 30 सेकंदांची फ्रेम घे. 250 ला तारे दीडशेएक पिक्सेल लांब रेघा होतील. ती रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. कॅमेरा फिरवून रेघ हव्या त्या कडेला समांतर आण. पुढच्या अमावस्येला परत जाशील तेव्हा हेच केलंस तर दोन्ही रात्रींच्या फ्रेम एकमेकींवर बसतात, कोपरे कापावे लागत नाहीत. हे कोन जुळवणं आधी, तारा मध्यात आणणं नंतर. उलट केलंस तर फिरवताना पुन्हा सगळं हलतं.

झूमची आणि फोकसची रिंग दोन्ही चिकटपट्टीने बांधून टाक. ही लेन्स आकाशाकडे तोंड करून उभी केली की झूम आपल्या वजनाने सरकत जातो, आणि फेब्रुवारीत रोझेट तुझ्याकडे जवळजवळ डोक्यावर, 76 अंशांवर जातो.

आता मॉडिफाय न केलेला कॅमेरा. रोझेटचा लाल रंग हायड्रोजन अल्फाचा, 656 नॅनोमीटर. आतला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, म्हणून एका फ्रेममध्ये तुला काहीच दिसत नाही. आयएसओ 1600, एफ 5.6, 60 सेकंद, आणि दोन-तीन तास गोळा कर. लाल नाही, गुलाबी-करडा येईल. मला तो वाईट वाटत नाही. उलट मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्यातून लोक जो लालभडक रोझेट काढतात, तो बघून डोळे दुखतात. हे वैयक्तिक मत.


उणे_पंधरा (मिनेसोटा)

काउंटरवेटच्या बारबद्दल. तुम्ही जे व्हिडिओ बघता ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले असतात. इथे ध्रुव 45 अंशांवर आहे, अक्ष चांगला उभा, बार पायांपासून लांब राहतो. साताऱ्याला किंवा पुण्याला अक्ष जवळजवळ आडवा पडतो, म्हणून बार पायाला आपटतो. गावी येतो तेव्हा मीही हेच बघतो. ट्रायपॉडचा एक पाय नेमका दक्षिणेला ठेवा, म्हणजे उत्तरेला, जिथे बार खाली येतो, दोन पायांमध्ये मोकळी जागा मिळते. मधला खांब असेल तर थोडा वर घ्या, फार नाही, नाहीतर डुलतो. आणि रात्री सुरू करण्याआधी क्लच सैल करून कॅमेरा पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत हाताने एकदा फिरवून बघा, कुठे अडतो ते उजेडातच कळतं.

बाकी तुमचा हेवा वाटतो. रोझेट इथे जेमतेम 50 अंशांवर येतो आणि तेव्हा बॅटरी तासाभरात मान टाकते.


खिसा_रिकामा (ठाणे)

एवढी आकडेमोड करण्यापेक्षा स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय का घेत नाही? तेवढंच वजन पेलतो, क्रांतीलाही मोटर आहे, फोनवरून सांगितलं की जातो. वांगणीला आता निम्म्या लोकांकडे तोच दिसतो.


दुर्बीणवाला

जीटीआय चांगलाच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पोराने पहिल्याच परिच्छेदात पैसे नाहीत म्हटलंय. आणि गो-टू असला तरी तो तुम्ही दाखवलेल्या ताऱ्यावरून हिशेब करतो. भलताच तारा दाखवलात तर तो तितक्याच आत्मविश्वासाने भलतीकडे नेतो. प्लेट सॉल्व्ह (फ्रेममधल्या ताऱ्यांवरून जागा ओळखणं) जोडलं तर गोष्ट वेगळी, पण मग लॅपटॉप, केबल, पॉवरबँक, आणि अ‍ॅक्टिव्हावरचा मित्र उतरवावा लागेल.

थांबण्याच्या पद्धतीला लागणारे आणखी काही तारे लिहून ठेवतो, कारण रोझेट मार्चअखेरीला पश्चिमेला जातो आणि मग हाच प्रश्न पुन्हा येणार. नियम एकच: तारा लक्ष्याच्या पश्चिमेला हवा, म्हणजे विषुवांश कमी, आणि क्रांती जवळपास तीच.

एप्रिलपासून पहाटे धनू वर येतो. भुजंगधारीतला थीटा तारा, ज्येष्ठाच्या पूर्वेला, विषुवांश 17 तास 22, क्रांती -25. तो मध्यात आणून 42 मिनिटं थांबलास की एम 8, लगून तेजोमेघ. तो मध्याच्या अर्धा-पाऊण अंश उत्तरेला येईल, आणि त्याच्याही वर दीडएक अंशावर एम 20. तुझ्या 250 च्या फ्रेममध्ये दोन्ही बसतात, म्हणून थीटा मध्याच्या खाली, दक्षिणेला ठेव, म्हणजे वर जागा मिळेल. हे मॉडिफाय न केलेल्या कॅमेऱ्याला रोझेटपेक्षा कितीतरी सोपं आहे, कारण एम 8 मुळातच तेजस्वी आणि एम 20 चा एक भाग निळा. पावसाळ्याआधी हा एकच मोठा शिकार-हंगाम, पुढे सप्टेंबरपर्यंत ढग.

पाऊस गेला की हंस डोक्यावर. पाश्चात्त्य ज्याला डेनेब म्हणतात, तो मध्यात ठेव आणि 18 मिनिटं थांब. नॉर्थ अमेरिका तेजोमेघ मध्याच्या पाऊण अंश दक्षिणेला. 18 मिनिटांत डेनेब 250 च्या फ्रेमबाहेर जातो, पण झूम कमी केलास तर आत राहून भगभगतो. तो आत हवा की बाहेर, हे आधी ठरव. मला बाहेर आवडतो.

नोव्हेंबरात देवयानीतला डेल्टा, विषुवांश 0 तास 39, क्रांती +30.9. तिथून 54 मिनिटांनी त्रिकोणातली एम 33 दीर्घिका, क्रांती +30.7. फरक पाव अंशाचासुद्धा नाही. एम 33 डोळ्यांनी दिसत नाही आणि लोक तिच्यासाठी तासन्‌तास चाचपडतात. एम 31, म्हणजे देवयानी दीर्घिकेसाठी, मात्र ही उठाठेव नको. वेल्ह्याला ती उघड्या डोळ्यांनी दिसते, तिच्यावरच नेम धर.


लेन्सकॅप_काढा

काका, 54 मिनिटं थांबायला कोण तयार होतं हो? तेवढ्यात दव पडतं लेन्सवर.


दुर्बीणवाला

तेवढ्यात पोलर अलाइनमेंट पुन्हा तपासावं, डार्क फ्रेम (सेन्सरचे दोष वजा करायला लेन्स झाकून घेतलेल्या काळ्या फ्रेम) घ्याव्यात. पण डार्कला लेन्सकॅप लावताना कॅमेरा हलला तर 54 मिनिटं पाण्यात, म्हणून टोपी न लावता वरून काळं कापड टाकावं. दवासाठी लेन्सला गुंडाळायचा पट्टा मिळतो, पॉवरबँकवर चालतो. धरणाजवळ बसलास तर तो हवाच. माझं म्हणणं एवढंच की थांबायला लागणारा वेळ वाया जात नाही. तेवढ्यात लोक तीनदा फ्रेम शोधतात आणि तीनदा हरवतात.


आडवा_अक्ष

शनिवारी जाऊन आलो. एक पाय दक्षिणेला ठेवल्यावर बार आपटत नाही, पण या खेपेला बॉलहेडच लावला. रेघेने कोन लावला, एप्सिलॉन मध्यात, आठ मिनिटं, ट्रॅकर चालू. चाचणीत लांबट चौकोन मध्याच्या अगदी किंचित वर. साडेनऊच्या सुमारास तो सगळ्यात उंच होता आणि 1500डीची स्क्रीन फिरत नाही, त्यामुळे मित्र जमिनीवर झोपून फोकस बघत होता. दोन तासांहून थोडं जास्त जमलं. स्टॅकमध्ये पाकळ्या दिसतात, मधली पोकळीही. लाल कमी, गुलाबी, जसं सांगितलं होतं तसंच.

आता एक शंका. मधले तारे गोल आहेत पण चारही कोपऱ्यांत तारे बाहेरच्या दिशेला ओढल्यासारखे. ट्रॅकिंगचा दोष की लेन्सचा? आणि दोन तासांत फ्रेम हळूहळू एका बाजूला सरकली आहे, त्यामुळे पार्श्वभूमीवर तिरप्या रेघा उमटल्यात.


दुर्बीणवाला

चारही कोपऱ्यांत बाहेरच्या दिशेला म्हणजे लेन्स. ट्रॅकिंगचा दोष असता तर मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळे तारे एकाच दिशेला लांब झाले असते. एफ 5.6 वरून 7.1 वर जा, प्रकाश कमी होईल, कोपरे सुधारतील. नाहीतर कोपरे काप, रोझेट मध्यातच आहे.

तिरप्या रेघांचं कारण तूच लिहिलं आहेस. फ्रेम एकाच दिशेला सरकत राहिली की सेन्सरवरचे कायमचे डाग त्याच दिशेला रेघ ओढतात. दर दहा-पंधरा फ्रेमनंतर ट्रॅकरच्या बटणाने विषुवांशात अगदी जरासं, कधी पूर्वेला कधी पश्चिमेला हलव. दहा-वीस पिक्सेल पुरे. बॉलहेडला हात लावू नकोस.

फ्रेम सरकण्याचं मूळ मात्र ध्रुवाच्या अलाइनमेंटमध्ये. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाहून थोडा कमी लांब आहे. तो नुसता पोलरस्कोपच्या मध्यात ठेवलास तर 250 ला मिनिटाला तीनेक पिक्सेलपर्यंत सरक येते. वर्तुळावरच्या त्याच्या नेमक्या जागी ठेवलास आणि दहा कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चूक राहिली तर मिनिटाला पिक्सेलभराहून कमी. तारे गोल येतात म्हणजे तू त्याच्या जवळपास आहेस, पण दोन तासांत तेही साठतं. बॉलहेडवर कॅमेरा चढवल्यानंतर वजनाने ट्रॅकर किंचित वाकतो. म्हणून ध्रुव जुळवायचा तो कॅमेरा लावल्यावर, आधी नाही.


लेन्सकॅप_काढा

फ्रेम इथे टाक ना, नुसतं वर्णन काय करतोस. आणि स्ट्रेच करताना (मंद भाग उजळताना) लाल स्लायडर ओढू नकोस.


आडवा_अक्ष

टाकतो, आज रात्री हॉस्टेलच्या वायफायवर फाइल चढली तर. मार्चच्या अमावस्येला काक्षी मध्यात ठेवून 135 चं करतोय, 41 मिनिटं. मित्राने आधीच विचारून ठेवलंय की डबा कोण आणणार.